उपळसरी: ओळख, लागवड, काढणी आणि घरचं सरबत

उन्हाळा आला की आपल्याकडे कोकम, पन्हं, वाळ्याचं पाणी ठरलेलं असतं. सह्याद्रीच्या उतारांवर, कोकणातल्या गडग्यांच्या कडेला आणि विदर्भातल्या कोरड्या जंगलातही आपसूक वाढणारी उपळसरी मात्र या यादीतून जवळजवळ गळली आहे. औषधाच्या दुकानात ती 'अनंतमूळ' म्हणून मिळते, आयुर्वेदाच्या ग्रंथांत 'सारिवा' म्हणून भेटते, आणि शास्त्रीय नावाने ती 'हेमिडेस्मस इंडिकस'. तमिळनाडूत आणि रायलसीमेत हिच्याच मुळीचं 'नन्नारी' सरबत हातगाडीवर मिळतं, श्रीलंकेत 'इरमुसु' म्हणून तिचा चहा पितात. आपल्याकडे वेल आहे, मुळी आहे, पण प्यायची सवय उरलेली नाही. ती परत यावी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी जंगलातल्या वेली उपटाव्या लागू नयेत, हेही तितकंच वाटतं. म्हणून इथे वेल ओळखण्यापासून सरबताच्या बाटलीपर्यंत सगळं क्रमाने लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं जवळजवळ सगळं तिच्यावर उभं आहे. उपळसरीचं मोल तिच्या वासात आहे. हा व्हॅनिलासारखा गोड, किंचित मातकट वास एका सुगंधी घटकामुळे येतो. रसायनशास्त्रात त्याला 2-हायड्रॉक्सी-4-मिथॉक्सीबेंझाल्डिहाइड म्हणतात. व्हॅनिलातल्या व्हॅनिलिनशी त्याचं रेणुसूत्र तंतोतंत जुळतं, फक्त अणूंची मांडणी निराळी. हा घटक मुळीच्या सालीत असतो, आतल्या लाकडात नाही, आणि वाफेबरोबर तो सहज उडून जातो. मुळी कशी निवडायची, कशी वाळवायची, पाण्यात कशी उतरवायची, या सगळ्याची उत्तरं या दोन गोष्टींतून मिळतात.

वेल ओळखायची कशी

उपळसरीची वेल बारीक, तारेसारखी आणि चिवट असते. जमिनीवर पसरते किंवा शेजारच्या झुडपाला विळखे घालत वर चढते. तिला काटे नसतात आणि तणावेही नसतात, खोडच आधाराभोवती गुंडाळलं जातं. पानं समोरासमोर, जोडीने येतात. कोवळ्या वेलीची पानं अरुंद आणि लांब, जुन्या वेलीची रुंद आणि लंबगोल, त्यामुळे एकाच वेलीवर दोन तऱ्हेची पानं दिसली तर गोंधळू नका. पान वरून गर्द हिरवं असतं आणि मधल्या शिरेच्या कडेने पांढरट पट्टा किंवा ठिपके दिसतात. खालची बाजू फिकट, रुपेरी. पान तोडलं की पांढरा चीक येतो.

फुलं इतकी लहान असतात की शोधावीच लागतात. पानांच्या बगलेत दाटीने येतात, बाहेरून हिरवट आणि आतून जांभळट. शेंगा जोडीने लागतात, बोटभर किंवा त्याहून लांब, बारीक आणि टोकदार. त्या वाळून उकलल्या की आतून रेशमी केसांचा झुपका असलेल्या बिया म्हाताऱ्यांसारख्या वाऱ्यावर उडतात.

ही सगळी लक्षणं जुळली तरी खात्री मुळीनेच करायची. माती थोडी बाजूला करून एक मुळी उघडी करा, नखाने साल खरवडा आणि वास घ्या. ताज्या मुळीलाही तो गोड वास येतोच. आला नाही तर ती उपळसरी नव्हे, किंवा वापरण्याजोगी नव्हे. दोन्हीचा अर्थ एकच, ती सोडून द्यायची.

या परीक्षेवर इतका भर देण्याचं कारण आहे. चीक असलेल्या, समोरासमोर पानं असलेल्या वेली आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या काही पोटात जाण्याजोग्या नाहीत. सगळ्यात जपायचं ते 'अंतमूळ' या वेलीपासून. तिला पित्तमारी किंवा खडकी रास्ना असंही म्हणतात. नाव 'अनंतमूळ'च्या इतकं जवळचं, वेल त्याच कुळातली, आणि तिचा प्रसिद्ध गुण म्हणजे उलटी करवणं. बोलण्या-ऐकण्यात एक अक्षर निसटलं की भलतीच मुळी हातात येते. कुणी 'हीच अनंतमूळ' म्हणून मुळ्या दिल्या तरी वास घेतल्याशिवाय घरात आणू नका.

दुसरा गोंधळ 'कृष्ण सारिवा' या नावाचा. आयुर्वेदात सारिवा दोन मानल्या आहेत, श्वेत आणि कृष्ण. श्वेत सारिवा म्हणजे आपली उपळसरी. कृष्ण सारिवा या नावाखाली दोन वेगळ्या वेलींच्या मुळ्या विकल्या जातात आणि दोन्हींना हा सुगंध नसतो. वैद्यांनी मुद्दाम सांगितली असेल तर गोष्ट वेगळी, सरबताला त्या कामाच्या नाहीत.

आणि तिसरा गोंधळ 'सारसापरिला'चा. मूळ सारसापरिला ही मध्य अमेरिकेतली स्मायलॅक्स वर्गातली काटेरी वेल. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तिच्या मुळ्या युरोपात नेल्या, उपदंशावरचं औषध म्हणून तिचा मोठा बोलबाला झाला. तो दावा पुढे टिकला नाही, पण पेय म्हणून ती लोकप्रिय राहिली. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश डॉक्टरांना तिच्या जागी इथे उपळसरी सापडली, आणि 1864च्या ब्रिटिश औषधसंहितेत तिला जागाही मिळाली. 'इंडियन सारसापरिला' हे नाव तेव्हाचं. दोन्ही वेलींचं कूळ मात्र पूर्ण वेगळं. सारसापरिलाची खरी भावंडं पाहायची असतील तर आपल्या जंगलातली घोटवेल पाहा: काटे, तणावे आणि पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या ठळक शिरा.

विकत घेताना

पहिली बाटली विकतच्या मुळीचीच होणार, कारण घरची वेल हाताशी यायला दीड ते अडीच वर्षं लागतात. काष्ठौषधींच्या दुकानात 'अनंतमूळ' मागा, आणि पूड किंवा भरड घेऊ नका, अख्खी मुळी घ्या. पुडीत काय दळलंय ते कळत नाही, आणि वास तर दळतानाच निम्मा गेलेला असतो.

चांगली मुळी साधारण पेन्सिलीइतकी जाड किंवा त्याहून बारीक असते, वेडीवाकडी, गडद तपकिरी. सालीवर आडव्या भेगा असतात, उभ्या चिराही दिसतात. साल सोलली की आत पिवळसर कठीण काडी लागते. मुळी मोडून नाकाशी धरा. जुन्या मुळीचा वास मंद होतो, पण मोडल्यावर थोडा तरी यायलाच हवा. बुरशीचा, कुबट किंवा ओल्या पोत्यासारखा वास आला तर परत करा. पिशवीत मुळ्यांपेक्षा वेलीच्या वाळक्या काड्याच जास्त असतील तर तेही चालायचं नाही. काड्या गुळगुळीत असतात, त्यांवर पेरं दिसतात आणि त्यांना वास नसतो.

दक्षिणेतून आलेली 'नन्नारी' मुळी कधी कधी बरीच जाड आणि मांसल असते. ती बहुधा 'डेकॅलेपिस हॅमिल्टोनाय' या वेगळ्या वेलीची. तिचा वास जवळजवळ हाच, कारण सुगंधी घटक तोच. तमिळ घरांत 'मागाळी किळंगू' म्हणून तिचं लोणचं घालतात. खायला ती निर्धोक आहे, पण ही वेल फक्त दक्षिण भारतातच उगवते आणि मुळ्यांसाठी इतकी उकरली गेली की आज तिचं अस्तित्वच धोक्यात आहे. माझं मत विचाराल तर समोर पर्याय असेल तेव्हा बारीक, भेगाळ उपळसरीच घ्यावी.

जंगलातून का आणू नये

पानं तोडली, फळं काढली तर वेल पुन्हा वाढते. मुळी काढली की वेल गेली. उपळसरीचं नेमकं हेच होतं. बाजारातला बराचसा माल जंगलातूनच येतो आणि घाईत खणणारा माणूस सगळी मुळी ओढून काढतो. राखीव जंगलात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय खणणं बेकायदा आहे. वनहक्क कायदा 2006नुसार गौण वनोपजावर, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंवर, हक्क आहे तो त्या जंगलावर जगणाऱ्या समाजांचा, शनिवार-रविवारी डोंगर चढायला गेलेल्या आपला नव्हे. स्वतःच्या बांधावर, परसात, काजूच्या बागेत उपळसरी असेल तर ती तुमची, आणि तिथूनच लागवडीची सुरुवात करता येते.

लागवड

उपळसरी लावण्याचे तीन मार्ग आहेत: मुळीचे तुकडे, फांद्यांची कलमं आणि बिया. मी मुळीच्या तुकड्यांची शिफारस करतो. फांद्यांची कलमं लागतात, पण बरीचशी वाळतात. बिया ताज्या असतानाच उगवतात, ठेवल्या की उगवणशक्ती झपाट्याने घटते. शिवाय शेंग उकलायच्या आत पकडावी लागते. बियाच लावायच्या असतील तर शेंग पिवळसर-तपकिरी होताच तिला दोऱ्याने सैलसर बांधून ठेवा, म्हणजे म्हाताऱ्या उडून जाणार नाहीत. नंतर केस काढून लगेच पेरा.

मुळीच्या तुकड्यांसाठी ओळखीतल्या कुणाची वेल, कृषी विद्यापीठाची किंवा वन विभागाची औषधी वनस्पतींची रोपवाटिका असं ठिकाण शोधा. दुकानातली वाळकी मुळी लावून काही उपयोग नाही, ती मेलेली असते. रोपवाटिकेतून आयतं रोप मिळालं तर उत्तमच, पण घेण्यापूर्वी पिशवीतली माती जराशी उकरून वासाची परीक्षा करा. नावाच्या पाटीवर विसंबू नका.

वेळ जूनची, पहिले दोन-तीन पाऊस पडून माती गार झाल्यावर. ताज्या मुळीचे बोटभर नव्हे, त्याच्या निम्मे, म्हणजे चार-पाच सेंटिमीटरचे तुकडे करा. वेलीच्या बुडख्याजवळची, जरा जाड मुळी लवकर फुटते. तुकडे आडवे ठेवून वर दोन सेंटिमीटर माती पसरा. तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतात, काही मागे राहतात. महिनाभरात काही दिसलं नाही म्हणून उकरून पाहू नका, पावसाळाभर वाट पाहा.

मातीत पाण्याचा निचरा व्हायला हवा, बाकी तिचे लाड नाहीत. कोकणातली जांभी माती, रेताड पोयटा, मुरमाड माळ या सगळ्यांत ती येते. देशावरच्या काळ्या भारी मातीत मात्र पावसाळ्यात मुळ्या कुजतात. तिथे गादीवाफे करा किंवा मातीत निम्मी वाळू मिसळा. शेणखत कुजलेलंच घाला, तेही बेताने. खत फार झालं तर वर पाला माजतो आणि खाली मुळी बारीकच राहते. दोन वेलींत दीड-दोन फुटांचं अंतर ठेवा. विरळ सावली तिला आवडते, त्यामुळे नारळी-पोफळीच्या किंवा आंब्याच्या बागेत रिकाम्या राहणाऱ्या जागा तिच्यासाठी चांगल्या.

शहरातल्या गच्चीवर किंवा बाल्कनीत लावायची असेल तर कुंडीची खोली बघा, रुंदी नाही. उपळसरीची मुळी लांब आणि सरळ खाली जाते, तिला फाटे कमी फुटतात. पसरट कुंडीत ती तळाशी वेटोळी होऊन बसते आणि काढताना तुकडे पडतात. दीड-दोन फूट खोल ग्रो-बॅग, जुना ड्रम किंवा तळाला भोकं पाडलेला रुंद पाइपचा तुकडा हे सगळं चालतं. पाइप उभा चिरून तारेने बांधून ठेवला तर काढणीच्या वेळी तार सोडून पुस्तकासारखा उघडता येतो आणि मुळी अखंड मिळते. भरायला दोन भाग माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत. नुसतं कोकोपीट भरू नका, पावसाळ्यात ते फार पाणी धरून ठेवतं.

आधाराला काठी किंवा सुतळी पुरते. पाणी पावसाळ्यात द्यायची गरज नाही, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा. पहिलं वर्ष वेल जेमतेम हातभर वाढते आणि लोक निराश होतात. या काळात ती खाली काम करत असते. कडक उन्हाळ्यात पानं झडली तरी मेली समजू नका, पावसाला पुन्हा फुटते. पानांवर अळ्या दिसल्या तर औषध फवारण्याआधी नीट पाहा. कॉमन क्रो हे काळपट तपकिरी फुलपाखरू उपळसरीवर अंडी घालतं. त्याच्या अळ्या चार पानं खातात आणि निघून जातात, मुळीला त्याने काही होत नाही.

काढणी, वेल न मारता

दोन पावसाळे पुरे झाल्यानंतरचा हिवाळा ही पहिल्या काढणीची वेळ. तिसऱ्या हिवाळ्यापर्यंत थांबलात तर मुळी जास्त भरते. डिसेंबर-जानेवारीत वाढ मंदावलेली असते, माती फार ओली नसते आणि पुढे वाळवायला कोरडी हवा मिळते. पावसाळ्यात काढलेली मुळी बुरशीने जाते.

आदल्या दिवशी थोडं पाणी घाला, म्हणजे माती सैल होते. वेलीच्या बुडख्यापासून वीतभर अंतरावर, एकाच बाजूने चर खणा. कुदळीने आत घाव घालू नका, खुरपं आणि हात वापरा. त्या बाजूच्या मुळ्या दिसल्या की बुडख्यापासून चार बोटं सोडून धारदार कात्रीने कापा. दुसऱ्या बाजूला हात लावू नका. चर मातीने भरा, वर पालापाचोळा पसरा आणि हलकं पाणी द्या. पुढच्या वेळी दुसरी बाजू. असं एकाआड एक केलं तर तीच वेल वर्षानुवर्षं मुळी देते.

कुंडीतल्या वेलीला बाजू धरून खणणं जमत नाही. ती पूर्ण बाहेर काढा, लांब मुळ्या कापून घ्या आणि बुडखा वीतभर मुळ्यांसकट नव्या मातीत लगेच लावा. वरचा वेल निम्मा छाटा. काढलेल्या मुळ्यांतल्या एक-दोन जाड मुळ्यांचे तुकडे करून ओलसर मातीत पुरून ठेवा, त्यातली काही फुटतातच. घरातल्या चार वेलींतून अर्धी मुळी काढली तर वाळून साधारण 100 ग्रॅमच्या आसपास हाती लागते, सरबताच्या एका खेपेपुरती.

धुण्याची घाई करा, भिजवण्याची नको. वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने माती काढा, भेगांतली मातीसुद्धा. नाहीतर सरबत करकरतं. मग फडक्यावर पसरून सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवा. उन्हात टाकलं तर दोन दिवसांत वाळतात खऱ्या, पण वासही उन्हाबरोबर जातो. सावलीत आठ-दहा दिवस लागतात. मुळी वाकवली आणि कट्कन मोडली की झाली. वाकून राहिली तर अजून ओल आहे. हवाबंद काचेच्या बरणीत, अंधाऱ्या जागी, तारीख लिहून ठेवा. कुटून ठेवू नका, लागेल तेव्हाच कुटा. वर्षभरात वापरून टाकावी असं मी म्हणेन.

औषध म्हणून, आणि कुठे थांबायचं

चरकसंहितेत सारिवा बऱ्याच ठिकाणी येते: वर्ण्य (कांतीसाठी), कण्ठ्य (घशासाठी), ज्वरहर (तापावर), दाहप्रशमन (आग शमवणारं), स्तन्यशोधन (आईचं दूध शुद्ध करणारं) अशा गणांत, म्हणजे औषधांच्या गटांत. सुश्रुतांनी तर तिच्याच नावाचा सारिवादि गण सांगितला आहे. त्यात ज्येष्ठमध, चंदन, पद्मक, वाळा यांची सोबत आहे आणि तो तहान, दाह, पित्तज्वर यांच्यासाठी आहे. उन्हाळ्यातल्या पेयाशी हिचं नातं किती जुनं आहे ते इथे कळतं. सारिवाद्यासव आजही वैद्य देतात. त्यात आंबवण्यातून तयार झालेला अल्कोहोलचा अंश असतो आणि गूळ-साखरही, म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी ते मनाने आणून घेऊ नये.

अधूनमधून पेलाभर सरबत पिणं आणि रोज काढा घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, मूत्रपिंडाचा त्रास असणारे, रोजची औषधं चालू असणारे, आणि लहान मुलं यांच्या बाबतीत काढा किंवा पूड वैद्यांना अथवा डॉक्टरांना विचारूनच. 'रक्त शुद्ध करते' या एका वाक्यावर त्वचेचे विकार महिनोन्महिने घरीच हाताळत बसू नये, आधी निदान करून घ्यावं.

आणि साप. उपळसरीची मुळी सर्पदंशावर उगाळून देण्याची जुनी समजूत आहे. या मुळीतल्या घटकांवर प्रयोगशाळेत, प्राण्यांवर विषविरोधी गुणासाठी संशोधनही झालं आहे. त्यावरून माणसाचा जीव वाचत नाही. साप चावला की सहाण शोधायची नाही, माणसाला स्थिर ठेवून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचं. हा मुद्दा मी मुद्दाम लिहितो, कारण खेड्यापाड्यांत या उगाळण्यातच मोलाचा वेळ जातो.

पेय, सगळ्यात सोप्यापासून

सुरुवात माठापासून करा. धुतलेल्या सात-आठ मुळ्या आणि वाळ्याची छोटी जुडी मलमलीत बांधून रात्री माठात सोडा. सकाळी पाण्याला मंद, गार वास येतो. पुरचुंडी रोज काढून धुवा, तीन-चार दिवसांनी वाळवा आणि मग पुन्हा एकदा वापरा. चिकट लागली तर लगेच टाकून द्या.

त्यापुढची पायरी म्हणजे हिम. आयुर्वेदात औषध पाण्यात उतरवण्याचे प्रकार आहेत, त्यांत काढ्याबरोबर हिम आणि फांटही येतात. हिम म्हणजे भरड एक भाग, गार पाणी सहा भाग, रात्रभर झाकून ठेवून सकाळी गाळायचं. फांट म्हणजे गरम पाणी ओतून झाकून ठेवायचं. सुगंधी वस्तूंना हेच प्रकार मानवतात, आणि उपळसरीला तर फारच. चहा हवा असेल तर चमचाभर कुटलेल्या सालीवर कपभर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकण ठेवा. श्रीलंकेत इरमुसुचा चहा गुळाचा खडा चघळत पितात. चहात गूळ विरघळवण्यापेक्षा ते मला जास्त पटतं, वास स्वच्छ राहतो.

सरबत

साहित्य थोडकं: वाळलेली मुळी 100 ग्रॅम, पाणी सव्वा लिटर, साखर दीड किलो, लिंबाचा रस दोन मोठे चमचे. पाककृतींत मुळी पाण्यात अर्धा तास खळखळ उकळायला सांगतात. त्याने रंग चांगला येतो आणि स्वयंपाकघरभर घमघमाट सुटतो. तो घमघमाट बाटलीत यायला हवा होता. म्हणून मी वेगळी रीत सांगतो.

संध्याकाळी मुळ्या पुन्हा एकदा धुऊन पुसा. खलबत्त्यात हलक्या हाताने ठेचा. जाड मुळ्यांची साल सुटते आणि आतली पिवळी काडी वेगळी होते, ती काढून टाका. बारीक मुळ्यांचं सोलणं सोडून द्या, तशाच ठेचा. मिक्सरमध्ये बारीक पूड करू नका, गाळताना जीव जातो आणि सरबत गढूळ होतं.

पाणी उकळा, गॅस बंद करा, दोन मिनिटं थांबा आणि स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेचलेल्या मुळ्यांवर ओता. घट्ट झाकण लावून रात्रभर ठेवा. सकाळी झाकण न काढता अगदी मंद आचेवर कडेला बुडबुडे दिसू लागेपर्यंत गरम करा, लगेच उतरवा, कोमट होऊ द्या. मलमलीतून दोनदा गाळा आणि तासभर हलवू नका. तळाशी बारीक गाळ बसतो, वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्या. साधारण एक लिटर अर्क मिळेल, चहाच्या रंगाचा.

आता त्याचे दोन भाग करा. अर्ध्या अर्कात सगळी साखर घालून विरघळवा आणि एकतारी पाक करा. मळी वर आली तर झाऱ्याने काढा. लिंबाचा रस घाला, त्याने पुढे साखर धरत नाही. मग उरलेला अर्धा अर्क ओता, झाकण ठेवा, एक उकळी येताच गॅस बंद करा. पहिल्या भागाचा वास थोडा उडतो, दुसऱ्याचा राहतो. पूर्ण गार झाल्यावर, झाकण तोवर न काढता, उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत भरा.

हा पाक बाजारातल्या सिरपइतका घट्ट नसतो, म्हणून फ्रिजमध्येच ठेवायचा. तिथे दोन महिने चांगला राहतो. रंग लालसर तपकिरी असतो. विकतच्या बाटल्यांत दिसणारा काळाभोर रंग बहुतेक वेळा कॅरॅमलचा असतो, मुळीचा नव्हे. लेबलावरच्या घटकांत मुळीचा अर्क लिहिलाय की नुसता कृत्रिम स्वाद, तेवढं वाचून घ्या.

प्यायला देताना पेल्यात दोन मोठे चमचे सरबत, अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर भिजवलेला सब्जा आणि गार पाणी. केरळात आणि तमिळनाडूत पाण्याऐवजी सोडा घालतात, तोही छान लागतो. मीठ-जिरं घालण्याची आपली सवय इथे आवरा, जिऱ्याने उपळसरी पार झाकली जाते. दुधात घ्यायचं असेल तर लिंबू अर्थातच नको. मदुराईच्या जिगरथंड्यात आटवलेलं दूध, भिजवून फुलवलेला बदामाचा डिंक, आइस्क्रीम आणि हेच नन्नारी सरबत असतं. साखरेऐवजी गूळ वापरायचा असेल तर फिकट रंगाचा घ्या. काळा गूळ मुळीपेक्षा जास्त बोलतो.

बिघडलं तर काय? बाटलीच्या तळाशी साखरेचे खडे धरले तर पाक जास्त घट्ट झाला होता. बाटली गरम पाण्यात उभी करून ठेवा, दोन चमचे गरम पाणी आणि थोडं लिंबू घालून हलवा. कडवट, लाकडासारखी चव आली तर आतल्या काड्या राहिल्या किंवा मुळी जास्त उकळली. ते परत सुधारत नाही, पण दुधातून खपतं. वास फिका वाटला तर पुढच्या खेपेला मुळी वाढवा, उकळणं नव्हे. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, फेस दिसला किंवा आंबट वास आला तर सरबत आंबलंय, ते ओतून द्या. गाळून उरलेल्या चोथ्यात अजून थोडा जीव असतो. त्यावर पुन्हा अर्धा लिटर गरम पाणी ओतून चार तास ठेवलं तर त्याच दिवशी प्यायला फिकट, गोडसर वासाचं पाणी मिळतं. त्यानंतर चोथा उपळसरीच्याच कुंडीत पसरा.